रशियन गेमसाठी जर्मन अनुवादक कसा शोधावा

आधी गेममधला सगळा मजकूर एका तक्त्यात काढा. प्रत्येक ओळीपुढे कोण कोणाशी बोलतंय आणि बटणात किती अक्षरं मावतात, हेही लिहा. मग शब्द मोजा. एक अनुवादक दिवसाला साधारण २,००० शब्द नीट करतो. म्हणजे ४०,००० शब्दांना कामाचे २० दिवस लागतील, तपासणी वेगळी.

नावं शोधायला जर्मनीतल्या अनुवादक-दुभाष्यांच्या संघटनेची, म्हणजे बीडीयूची यादी भाषाजोडी टाकून चाळा. प्रोझ डॉट कॉम या अनुवादकांच्या संकेतस्थळावरही ही सोय आहे. तुमच्यासारख्याच गेमच्या जर्मन आवृत्तीची श्रेयनामावली मात्र जरूर वाचा, तिथे काम केलेली माणसं सापडतात.

मातृभाषा जर्मन असलेलाच माणूस घ्या आणि अनुवाद थेट रशियनवरून करून घ्या. इंग्रजीवरून जर्मन करणारे पुष्कळ मिळतात, पण तो रस्ता महागात पडतो. रशियनमध्ये आपल्यासारखाच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद आहे, जर्मनमध्येही ‘दू’ आणि ‘झी’ आहे. मधल्या इंग्रजीत दोन्हींचं एकच ‘यू’ होतं, आणि मग शिपाई सेनापतीला अरे-तुरे करू लागतो.

निवड चाचणीवर करा. ३०० शब्द पुरेत, पण त्यांचे पैसे द्या. त्यात एक भांडणाचा संवाद, दहा बटणं आणि आकडा बदलणारं एक वाक्य असू द्या. नाण्यांच्या संख्येप्रमाणे रशियनमध्ये शब्दाची तीन रूपं होतात (१, २ ते ४, ५ ते २०; २१ ला पुन्हा १ चंच रूप), जर्मनमध्ये दोनच. शिवाय संदर्भ न देता ‘मीर’ हा शब्द टाका. त्याचा अर्थ जगही होतो आणि शांतताही. जर्मनमध्ये ‘वेल्ट’ लिहायचं की ‘फ्रीडन’, हे विचारल्याशिवाय ठरत नाही. जो विचारतो, तो तुमचा माणूस. न विचारता अंदाजाने लिहिणारा पुढच्या ४०,००० शब्दांतही अंदाजच करेल.

दर ठरवताना मोजणी रशियन मजकुराची की जर्मनची, हे लेखी घ्या. जर्मनीत अनुवादित मजकुराच्या ५५ अक्षरांची एक ओळ धरून, मोकळ्या जागांसकट, आकारणी करण्याचीही पद्धत आहे.

फाइल देण्याआधी तिचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, बघा. जुन्या रशियन गेममध्ये ते बहुधा विंडोज-१२५१ असतं, आणि त्यात जर्मन उमलाउटची (ä, ö, ü) अक्षरंच नाहीत. सगळ्या भाषांची अक्षरं मावणारं यूटीएफ-८ करून घ्या, फॉन्टमध्येही ती अक्षरं आहेत का पाहा. अनुवाद परत आल्यावर त्याच अनुवादकाला गेम खेळायला द्या. लांबलचक जर्मन शब्द बटणाबाहेर गेलेले तक्त्यात दिसत नाहीत, पडद्यावर दिसतात.