दहावा सूचक: विधानसभेचा अपक्ष अर्ज भरणाऱ्यांसाठी

2019 ला माझा अर्ज छाननीत बाद झाला. कारण एका ओळीचं: वैध सूचक (उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार) नऊ, हवेत दहा. 2024 ला पुन्हा भरला आणि मतदानयंत्रावर नाव लागलं. पहिल्या वेळचं अजून सलतं, म्हणून सविस्तर लिहिते.

वय 25 पूर्ण हवं, राज्यातल्या कुठल्या तरी मतदारसंघाच्या यादीत नाव हवं, अनामत 10,000 रुपये (अनुसूचित जाती-जमातीसाठी 5,000), हे तुम्हाला माहीत असेलच. नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर यादीचा प्रमाणित उतारा जोडा. खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. आणि जिल्हा परिषदेचा अर्ज भरलाय म्हणून हाही जमेल असं धरून चालू नका. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथले नियम वेगळे.

आता सूचक. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात, नोंदणी आहे पण मान्यता नाही अशा पक्षाच्या उमेदवारालाही दहाच. दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. 2008 च्या पुनर्रचनेत आपले कितीतरी तालुके महसूल मंडळांप्रमाणे दोन मतदारसंघांत विभागले गेले. पलीकडच्या शिवारातला माणूस बाजाराला आपल्याच गावात येतो, पण मत दुसरीकडे देतो. त्यामुळे प्रत्येक सूचकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक चालू यादीत स्वतः बघा. हे मी केलं होतं, तरी अडकले.

दहावी ओळ माझ्या चुलत सासूबाईंची होती. त्यांना सही येत नाही. तहसील 22 किलोमीटरवर, त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मी ओट्यावर बसूनच शाईच्या पॅडवर त्यांचा अंगठा टेकवला आणि अर्जावर उमटवला. शेजारी स्वच्छ अक्षरात त्यांचं नाव लिहिलं. अर्ज घेताना टेबलावर नावं आणि यादीतले क्रमांक जुळवले गेले, सगळं जुळलं, पोच मिळाली. मी निश्चिंत घरी आले.

1961 च्या निवडणूक नियमांत सही कशाला म्हणायचं हे लिहिलेलं आहे. ज्याला नाव लिहिता येत नाही त्याचा अंगठा सही म्हणून तेव्हाच धरतात, जेव्हा तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगाने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर उमटवलेला असतो आणि त्या अधिकाऱ्याने ओळख पटवून तो साक्षांकित केलेला असतो. घरी घेतलेला अंगठा म्हणजे कोरी जागा. पोलीस पाटलाची सही घेतली, सरपंचाचा शिक्का मारला, तरी उपयोग नाही.

छाननीला अधिकाऱ्यांनी पेनाचं टोक एकेका ओळीवरून खाली आणलं आणि दहाव्या ओळीवर थांबवलं. किरकोळ चुकीसाठी अर्ज बाद करू नये असं कायदाच सांगतो, तेच मी पुन्हापुन्हा सांगत राहिले. पण ती सवलत नावातल्या वेलांटीला आहे, क्रमांकातल्या चुकलेल्या आकड्याला आहे. सहीच नसणं किरकोळ धरत नाहीत. मुदत संपल्यावर सूचक बदलताही येत नाही. पोच म्हणजे मंजुरी नव्हे, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

"अंगठा चालतो, बिनधास्त घ्या," हे सांगणारे गृहस्थ निवडणुकांत केस पिकलेले होते. पण त्यांचं सगळं आयुष्य पक्षात गेलं. एबी फॉर्म (पक्षाने अधिकृत उमेदवार म्हणून दिलेला कागद) आणि एक सूचक, एवढाच त्यांचा अनुभव. माझं ठाम मत आहे की अपक्षाने अपक्षालाच विचारावं, नाहीतर नामनिर्देशन कक्षातल्या नायब तहसीलदारांना. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा तयार संच तर घेऊच नका. माझ्या माहितीतल्या एकाने त्यात पक्षवाल्यांसाठीचा भाग 1 भरला आणि दहा ओळींचा भाग 2 कोरा ठेवला.

घाबरू मात्र नका. एका मतदारसंघात चार अर्जांपर्यंत भरता येतात आणि चारींना अनामत एकच. प्रत्येक संचात वेगळे दहा सूचक घ्या, एक गेला तर दुसरा उभा राहतो. माणसं अशी निवडा जी कुणी दटावलं तरी सहीवर ठाम राहतील. 2024 च्या लोकसभेला सुरतमध्ये सूचकांनीच सह्या आमच्या नाहीत असं सांगितलं, एका मोठ्या पक्षाचा अर्ज बाद झाला आणि शेवटी निवडणूकच बिनविरोध झाली.

शपथ विसरू नका. अर्ज दिल्यानंतर लगेच घ्या, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच ती चालते. नमुना 26 च्या शपथपत्रात (मालमत्ता, गुन्हे वगैरे माहितीच्या) एकही रकाना रिकामा ठेवू नका. "निरंक" किंवा "लागू नाही" लिहा. सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे, कोऱ्या रकान्यांवर अर्ज जाऊ शकतो.

आणि मुहूर्त बघू नका, कळकळीने सांगते. 2019 ला अधिसूचना 27 सप्टेंबरला निघाली ती पितृपक्षात. सगळे घटस्थापनेसाठी थांबले, तो रविवार. पुढे 2 ऑक्टोबरची सुट्टी. 4 तारखेला दुपारी तीनला मुदत संपणार आणि दारात ही रांग! त्या गर्दीत माझी दहावी ओळ निवांत बघायला कुणाला वेळ होता?

2024 ला 24 ऑक्टोबरला गुरुपुष्यामृत होतं, म्हणून मी 23 लाच गेले. तीन संच, तीस सूचक. कक्षात जेमतेम चार माणसं होती. सासूबाईंना या वेळी गाडीतून सोबत नेलं होतं. अधिकाऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली, ओळखपत्र हातात घेऊन चेहरा पाहिला, नाव विचारलं. त्यांनी नवऱ्याचं नाव सोडून बाकी सगळं सांगितलं, मग मीच ते सांगितलं. अंगठा उमटला. त्याच्या शेजारी अधिकाऱ्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि शाई वाळेपर्यंत मी तो कागद दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.