भाजी ताजी, पण जीवनसत्त्वं मोरीत: या चुका टाळा

पालेभाजी निवडायची, बारीक चिरायची आणि मग चाळणीत घालून नळाखाली धरायची, हा अनेक घरांतला रोजचा क्रम. नेमका तोच उलटा आहे. क जीवनसत्त्व आणि ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. पानं जितकी बारीक चिरलेली, तितकी ही जीवनसत्त्वं धुण्याच्या पाण्याबरोबर जास्त वाहून जातात. मेथी असो, पालक असो की माठ, आधी दोन-तीन पाण्यांतून धुवा, निथळू द्या, मग चिरा. सकाळच्या डब्याची घाई असेल तर रात्री भाजी फक्त निवडून ठेवा.

मोडाच्या मटकीचे हाल तर बघवत नाहीत. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, मोड आले की ते तयार होतं. आणि आपण तीच मटकी कुकरला चार शिट्ट्या देऊन वरचं पाणी ओतून टाकतो! ती थेट फोडणीत घाला, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा. पाणी उरलंच तर पुरणाच्या डाळीच्या कटाची जशी आमटी करतो, तसं वापरा. हरभरे किंवा छोले लवकर शिजावेत म्हणून खायचा सोडा घालू नका, त्याने ब१ नष्ट होतं. रात्रभर भिजवलेले हरभरे सोड्याशिवायही मऊ होतात.

हे ब१ तांदळाच्या कोंड्यात असतं. १८९०च्या दशकात जावा बेटावर डॉक्टर आइकमन यांना दिसलं, की फक्त पांढऱ्या, कोंडा काढलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ या बाबतीत फार शहाणा आहे. भात टरफलासकट उकडताना कोंड्यातलं ब१ दाण्याच्या आत शिरतं आणि नंतर सडून कोंडा काढला तरी बरंचसं टिकतं. पांढरा तांदूळ खात असाल तर पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत चोळत बसू नका. भात वेळून काढत असाल तर पेज पिऊन टाका.

लिंबू पोह्यांवर पिळायचं ते गॅस बंद केल्यावर, शक्यतो ताटातच. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ६५ ते ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. एक मध्यम पेरू ती गरज सहज भागवतो, त्यासाठी परदेशी किवी आणायची गरज नाही.

गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांच्यातल्या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, पण ते शोषलं जायला स्निग्ध पदार्थ लागतो. वजनाच्या धास्तीने बिनतेलाची कोशिंबीर खाणाऱ्यांनी तिच्यावर चमचाभर फोडणी किंवा दाण्याचं कूट घालावं.

दोन जीवनसत्त्वं मात्र भाजीबाजारात मिळत नाहीत, आणि सगळ्यात जास्त गैरसमज त्यांच्याविषयीच आहेत. ड जीवनसत्त्व मुख्यतः उन्हातून मिळतं. त्यासाठी सकाळचं कोवळं ऊन फारसं कामाचं नाही आणि काचेआडून आलेलं तर नाहीच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते, ती वेळ धरा. खाण्यातून थोडंफार हवं तर बांगडा, तारली, अंड्याचा बलक.

ब१२ निसर्गतः प्राणिज अन्नातच असतं: मासे, अंडी, मटण, दूध, दही. कितीही पालक खाल्ला, इडली-आंबील केली, तरी त्यावर भिस्त ठेवता येत नाही. शाकाहारी माणसाला चहातलं दोन चमचे दूध पुरत नाही, रोज दूध-दही नीट पोटात जायला हवं. हातापायांना मुंग्या येणं, जीभ लाल होणं, सतत थकवा ही वयाची लक्षणं समजून सोडून देऊ नका. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही ब१२ कमी होऊ शकतं. रक्त तपासून घ्या आणि ते लवकर घ्या, कारण नसांना झालेली इजा फार दिवस तशीच राहिली तर नंतरच्या इंजेक्शनांनीही ती पूर्ण भरून येईलच असं नाही.