छोटी प्रोग्रामिंग भाषा घडवताना: निक्लाउस विर्ट यांच्या कामातून

स्वतःची प्रोग्रामिंग भाषा घडवू पाहणाऱ्याने आधी निक्लाउस विर्ट यांचे काम नीट पाहावे. झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात त्यांनी १९७० मध्ये पास्कल, नंतर मॉड्युला-२ आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओबेरॉन घडवली. १९८४ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

सुरुवात व्याकरणापासून करावी. राशी म्हणजे बेरीज-वजाबाकीने जोडलेली पदे, पद म्हणजे गुणाकार-भागाकाराने जोडलेले घटक, आणि घटक म्हणजे संख्या, नाव किंवा कंसातली राशी, असे नियम कागदावर उतरवावेत आणि प्रत्येक नियमासाठी एकेक फंक्शन लिहावे. ‘क + ३ * ख’ वाचताना राशीचे फंक्शन क मिळाल्यावर अधिक चिन्ह ओलांडते आणि पुढचे काम पदाच्या फंक्शनकडे सोपवते. ते ‘३ * ख’ पूर्ण करूनच परतते, त्यामुळे गुणाकार आधी करावा हे वेगळे सांगावे लागत नाही. व्याकरणानुसार प्रोग्राम वाचणाऱ्या या भागाला पार्सर म्हणतात. तो आयता तयार करून देणारी साधने आहेत, परंतु पहिला पार्सर हातानेच लिहावा असे माझे ठाम मत आहे.

हाताने लिहिताना नियम कुठे अडतो ते लगेच जाणवते. पास्कलमध्ये एका इफच्या (‘जर’) पोटात दुसरा इफ आला आणि पुढे एकच एल्स (‘नाहीतर’) असला, तर तो जवळच्या इफचा मानावा लागतो. वाचणारा तिथे हमखास फसतो. मॉड्युला-२ मध्ये प्रत्येक इफ एन्डने बंद करणे सक्तीचे करून विर्ट यांनी हा प्रश्नच मिटवला. जिथे अशी खास तळटीप द्यावी लागेल, तिथे व्याकरणच बदलावे.

आता कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. पास्कलचा कंपायलर फोरट्रान या जुन्या भाषेत लिहिण्याचा पहिला प्रयत्न फसला, तेव्हा तो पास्कलमध्येच लिहून हाताने दुसऱ्या भाषेत उतरवण्यात आला. आपणही भाषा पुरेशी उभी राहिली की तिचा कंपायलर तिच्यातच लिहावा. मात्र भाषा हिशेबासाठी किंवा चित्रांसाठी असेल, तर त्या कामाचा एक खरा प्रोग्रामही सोबत लिहावा, कारण केवळ कंपायलरला सोयीची भाषा इतरांना अपुरी पडू शकते.

शेवटी काटछाट करावी. ओबेरॉन घडवताना मॉड्युला-२ मधले माहितीचे कितीतरी प्रकार (टाइप) आणि ठरावीक वेळा तेच काम करून घेणारा चक्क फॉर लूपही विर्ट यांनी काढून टाकला. तो पुढे ओबेरॉन-२ मध्ये परतला. म्हणून वगळलेल्या प्रत्येक सोयीपुढे वहीत कारण लिहून ठेवावे.