किनाऱ्यावरच्या घरासाठी कॅमेरा: जुना डीएसएलआर की खिशातला कॉम्पॅक्ट?

फोनच्या छायाचित्रांनी समाधान होत नाही, खर्चाला मर्यादा आहे आणि कॅमेरा समुद्रापासून हाकेच्या अंतरावरील घरात राहणार आहे, अशा माणसापुढे साधारणपणे दोन पर्याय येतात. कुणीतरी मिररलेस (आत आरसा नसलेला नवा प्रकार) घेतल्यामुळे विकायला काढलेला दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, हा पहिला, आणि खिशात मावणारा कॉम्पॅक्ट हा दुसरा. जाहिरातींत या दोघांची तुलना मेगापिक्सेलवर केली जाते, पण त्या आकड्यावरून कोकणात फारसे काही ठरत नाही. तुम्हाला जे टिपायचे आहे ते तुमच्यापासून किती दूर आणि किती अंधारात असते, आणि जून ते सप्टेंबर हे चार महिने कॅमेऱ्याची निगा कोण राखणार, या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे आधी कागदावर लिहून काढावीत, आणि मगच किमती विचारायला निघावे.

आधी सेन्सरबद्दल, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या आतल्या पट्टीबद्दल, कारण बाकीचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे. कॅननच्या १२००डी किंवा ७००डी यांसारख्या डीएसएलआरमध्ये सुमारे २२ बाय १५ मिलिमीटरचा सेन्सर असतो. साध्या कॉम्पॅक्टमधला सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने त्याच्या बाराव्या हिश्शाएवढा असतो. या दोहोंच्या मध्ये १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच्या, ‘एक इंची’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेन्सरचे कॉम्पॅक्ट येतात. २०१२ साली आलेला सोनी आरएक्स१०० हा त्यांतला सर्वपरिचित. सेन्सर मोठा असला की अधिक जागेवर मिळून जास्त उजेड गोळा होतो आणि अंधारातल्या चित्रात रवाळपणा कमी येतो. अगदी छोट्या सेन्सरचा साधा कॉम्पॅक्ट आज चांगल्या फोनपेक्षा सरस चित्र देईलच असे नाही. त्यामुळे तो घ्यायचा झाला तर फोनला न जमणारे एखादे काम, म्हणजे लांबचा ऑप्टिकल झूम किंवा पाण्याखालचे चित्रण, त्याला जमले पाहिजे. तसे नसेल तर त्यावर पैसे घालू नयेत.

तुम्ही काय टिपणार आहात?

सिंधुदुर्गात राहणाऱ्याच्या मनात पहिला विचार दशावताराचा येतो. देवळासमोरच्या मांडवात रात्री उशिरा सुरू होणारा खेळ, पिवळसर आणि एकाच बाजूने येणारा प्रकाश, आणि पात्र क्षणभरही स्थिर न राहणारे. येथे सेन्सरइतकेच लेन्सचे महत्त्व आहे. डीएसएलआरसोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर येते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे), तर ५० मिलिमीटर एफ १.८ ही छोटी, स्वस्त लेन्स तिच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १६०० ठेवून सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाच्या आसपास शटर मिळू लागले की संकासुराचा हावभाव पुसट न होता टिपता येतो. जुन्या डीएसएलआरची खरी ताकद मला याच लेन्सच्या जोडीत दिसते. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, स्वस्तातली घ्यावी आणि वाचलेले पैसे अशा लेन्सवर घालावेत, असाच सल्ला मी आजवर सगळ्यांना देत आलो आहे. एक इंची कॉम्पॅक्टही हे काम करू शकतो, कारण त्याची लेन्स रुंद बाजूला एफ १.८ इतकी उघडते, पण त्यासाठी रंगमंचाला चिकटून बसावे लागते. मागच्या रांगेतून झूम केला की छिद्र लहान होते आणि तो फायदा निघून जातो.

हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाच्या वेळी घिरट्या घालणारे कुरव किंवा किनाऱ्यावरच्या उंच झाडावर घरटे करणारा समुद्री गरुड टिपायचा असेल, तर प्रश्न लेन्सच्या लांबीचा आहे. मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते. कॅननच्या बॉडीवर, तिचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्याने, २५० मिलिमीटरची लेन्स ४०० मिलिमीटरसारखे दृश्य देते. पॉवरशॉट एसएक्स७४० सारखा खिशातला कॉम्पॅक्ट त्याच मापाने ९६० मिलिमीटरपर्यंत पोहोचतो, आणि फांदीवर स्वस्थ बसलेला पक्षी भर उन्हात त्यात चांगला येतो. पक्षी उडाला की मात्र फरक कळतो. डीएसएलआरमध्ये फोकससाठी वेगळा भाग असतो आणि व्ह्यूफाइंडरमधून प्रत्यक्ष दृश्य विनाविलंब दिसते, त्यामुळे उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवणे सोपे जाते. लांब झूमच्या कॉम्पॅक्टमध्ये पडद्यावर पक्षी शोधेपर्यंत तो चौकटीबाहेर गेलेला असतो.

याउलट रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या सड्यांवरची, म्हणजे खडकाळ पठारांवरची, कातळशिल्पे पाहायला गेलात तर कॉम्पॅक्टच अधिक कामी येतो. कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की उभ्याने समोरून घेतलेल्या चित्रात तो हत्ती वाटतच नाही. कलता पडदा असलेला हलका कॅमेरा बांबूला घट्ट बांधून डोक्यावर उंच धरला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि सूर्य क्षितिजाजवळ असताना, रेषांच्या खोबणीत सावली भरलेली असताना चित्र घेतले, तर आकार स्पष्ट उठून दिसतो. एक किलोचा डीएसएलआर बांबूच्या टोकाला बांधण्याचे धाडस मी करणार नाही.

तारकर्लीला पाण्यात उतरायचे असेल, रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) दोरीला हात लावून चित्रे काढायची असतील किंवा होडीतून रोजचे जाणे-येणे असेल, तर जलरोधक कॉम्पॅक्टशिवाय पर्याय नाही. ऑलिम्पस टफ टीजी-६ हा २०१९चा कॅमेरा १५ मीटर खोलीपर्यंत चालतो. सेन्सर छोटाच आहे, पण लेन्स एफ २ पर्यंत उघडते आणि अगदी जवळून फोकस होते, त्यामुळे पावसाळ्यात सड्यावर उगवणारी नखाएवढी रानफुलेही भर पावसात टिपता येतात. वेळासला कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला गेलात तर कॅमेरा कोणताही असो, फ्लॅश आणि फोकससाठी लागणारा मदतीचा दिवा हे दोन्ही घरूनच बंद करून जावे.

ऊन, ओझे आणि वीज

वैशाखातल्या दुपारी पांढऱ्या वाळूवर कॉम्पॅक्टचा पडदा जवळजवळ काळा दिसतो आणि चित्र अंदाजाने घ्यावे लागते. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला ही अडचण येत नाही. कॉम्पॅक्टच हवा असेल तर व्ह्यूफाइंडर असलेला शोधावा. २०१४च्या आरएक्स१०० मार्क ३ मध्ये तो वर उचलता येतो. वजनाचे म्हणाल तर निकॉन डी९० ची बॉडी बॅटरीशिवाय ६२० ग्रॅम आणि १८-१०५ची लेन्स ४२० ग्रॅम भरते, तर मूळचा आरएक्स१०० बॅटरीसह २४० ग्रॅमचा आहे. शिमग्यात पालखीबरोबर पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा) चढता-उतरताना हा फरक खांद्याला जाणवतो, आणि जो कॅमेरा ओझे वाटतो तो पुढच्या वर्षी घरीच राहतो. बॅटरीच्या बाबतीत मात्र डीएसएलआर पुढे आहे. डी९० एका चार्जमध्ये साडेआठशेच्या आसपास चित्रे देतो, आरएक्स१०० सव्वातीनशेच्या आसपास. वादळवाऱ्यात तारा तुटून दोन-दोन दिवस वीज न येणाऱ्या वाडीत राहणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

वापरलेला कॅमेरा तपासताना

लेन्सपासून सुरुवात करावी. लेन्स बॉडीवरून काढून, छिद्र पूर्ण उघडे ठेवून, मागून टॉर्चचा प्रकाश सोडावा आणि पुढून तिरपे पाहावे. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा कडेपासून आत पसरणारी नक्षी दिसली तर ती बुरशी आहे, आणि विक्रेता कितीही कमी किमतीत देत असला तरी ती लेन्स घेऊ नये. बुरशी काचेवरचा लेप खाते. काच साफ केली तरी डाग राहू शकतो. कॉम्पॅक्टची लेन्स सुटी होत नसल्याने तो चालू करून, लेन्स बाहेर आलेली असताना टॉर्च समोरून तिरपा मारून पाहावे.

त्यानंतर खाऱ्या हवेच्या खुणा शोधाव्यात. स्क्रूच्या माथ्यांवर गंज, बॅटरीच्या खणातल्या पट्ट्यांवर हिरवट थर, फ्लॅशच्या खाचेत पांढरी भुकटी, यांपैकी काहीही दिसले तर आतल्या सर्किटपर्यंत खारेपणा पोहोचला असण्याची शक्यता गृहीत धरावी. डीएसएलआरवर छिद्र एफ १६ करून मोकळ्या आकाशाचे चित्र घ्यावे. सेन्सरवरची धूळ करड्या ठिपक्यांसारखी उमटते. ती साफ करून घेता येते. कॉम्पॅक्टमध्ये तसाच ठिपका दिसला तर पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो, आणि त्याची मजुरी अनेकदा कॅमेऱ्याच्या किमतीला जाऊन भिडते. कॉम्पॅक्टचा झूम दहा वेळा आत-बाहेर करून कानाशी धरावा. करकर आवाज आला तर नळीत वाळू गेली आहे, आणि अशी लेन्स पुढे कधीतरी अर्ध्यावरच अडकते.

शटर किती वेळा चालले आहे हेही विचारावे. डी९० चे शटर एक लाख आणि डी७००० चे दीड लाख वेळांसाठी तपासलेले होते. निकॉनच्या चित्राच्या फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो, म्हणून विक्रेत्याकडून ताजे, न बदललेले चित्र मागवावे. कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये तो चित्रात मिळत नाही. निकॉनबाबत आणखी एक गोष्ट नवख्याला हमखास अडवते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे ५० मिलिमीटरची जुनी ‘डी’ प्रकारची लेन्स त्यांवर आपोआप फोकस होत नाही. डी९० किंवा डी७००० वर ती होते. कॅननच्या ईएफ लेन्स हा प्रश्न निर्माण करत नाहीत, आणि उद्या मिररलेस घेतलात तरी अडॅप्टर लावून वापरता येतात.

चार महिन्यांची निगा

पहिला डीएसएलआर घेतल्याच्या वर्षी मी तो चामड्याच्या बॅगेत घालून लाकडी कपाटात ठेवला आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीच्या, कामांत विसरून गेलो. गणपतीला बाहेर काढला तेव्हा लेन्सच्या आतल्या काचेवर पांढरे धागे धरले होते. ती लेन्स गेली, आणि त्यासोबत तिच्यासाठी वर्षभर साठवलेले पैसेही. तेव्हापासून मी निगा हा खरेदीचाच भाग मानतो, आणि बजेटमध्ये डब्याचे पैसे आधी बाजूला काढतो.

कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो आणि घरातली सापेक्ष आर्द्रता अनेक आठवडे सत्तर टक्क्यांच्या वर राहते. बुरशीला एवढे पुरे असते. झाकणाला रबरी कडे असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात दोनशे ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक, एवढ्यावर काम भागते. आकडा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहायला हवा. कॅमेरा बॅगेशिवाय, मोकळाच डब्यात ठेवावा, कारण चामडे आणि कापड दोन्ही ओल धरून ठेवतात. तांदळात कॅमेरा ठेवण्याचा सल्ला ऐकू नये. तांदळाची भुकटी लेन्सच्या नळीत जाते. आठवड्यातून एकदा उघडीप पाहून कॅमेरा बाहेर काढावा, झूम फिरवावा, दहा-वीस चित्रे घ्यावीत.

किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसावी आणि मग कोरड्या फडक्याने. वाळूवर उभे राहून लेन्स बदलू नये. जलरोधक कॅमेरा समुद्रातून आल्यावर झाकणे बंद ठेवूनच गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि झाकणाच्या रबरावर केस किंवा वाळूचा कण नाही ना, हे दर वेळी पाहावे.

ही सगळी निगा घरात कुणी राखणार नसेल, तर डीएसएलआर घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. त्या घरासाठी छोट्या सेन्सरचा जलरोधक कॉम्पॅक्टच योग्य, मग दशावताराची चित्रे थोडी रवाळ आली तरी हरकत नाही. निगा राखणारा असेल आणि रात्रीचे खेळ किंवा पक्षी हा त्याचा विषय असेल, तर डी९०, डी७००० किंवा ७००डी यांपैकी स्वच्छ मिळेल ती बॉडी आणि ५० मिलिमीटरची लेन्स घ्यावी. ज्याचे फिरणे जास्त आणि विषय माणसे, घरे, सडे, बाजार हा आहे, त्याने एक इंची कॉम्पॅक्टसाठी थोडे थांबून पैसे जमवावेत.

खरेदी शक्यतो दिवाळीच्या आसपास करावी. किनाऱ्यावरच्या विक्रेत्याकडचा कॅमेरा तेव्हा नुकताच पावसाळ्यातून बाहेर पडलेला असतो, आणि बुरशी धरलीच असेल तर ती टॉर्चच्या उजेडात लगेच दिसते. मेमध्ये घेतलात तर डबा आणि सिलिका जेल कॅमेऱ्याच्या आधी घरी आणून ठेवावे.