बाभळीखाली पडलेली डिस्क कशी खेळावी

साताऱ्याच्या आसपासच्या माळांवर डिस्क गोल्फ, म्हणजे चपटी तबकडी (डिस्क) कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकण्याचा खेळ, खेळताना डिस्क बाभळीखाली किंवा घाणेरीच्या जाळीत जाणे हा नेहमीचाच प्रकार आहे. अशा वेळी "काटे आहेत ना, मग घ्या हातभर बाजूला" असा सल्ला हमखास मिळतो. तो साफ चुकीचा आहे. काटे लागतात म्हणून नियम कोणालाही बाजूला सरकू देत नाही.

आधी डिस्कच्या बास्केटकडील कडेला टेकवून मिनी, म्हणजे खुणेची छोटी डिस्क, ठेवावी आणि मगच डिस्क उचलावी. डिस्क फांदीत अडकली असेल, तर तिच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करावी.

खरी अडचण पवित्र्याची. मिनीच्या मागच्या कडेपासून मागे, बास्केटपासून मिनीतून जाणाऱ्या सरळ रेषेवर, २० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर लांब एवढीच जागा आपली असते. म्हणजे साधारण ए-फोर कागदाएवढी. डिस्क हातातून सुटते त्या क्षणी पाय किंवा गुडघा या जागेवर टेकलेला हवा आणि शरीराचा कोणताही आधार मिनीच्या मागच्या कडेपेक्षा बास्केटच्या जवळ असता कामा नये. शिवाय ज्या पवित्र्यात झाडझुडूप कमीत कमी हलेल, तोच घ्यावा लागतो. एकदा उभे राहिल्यावर हाताला मोकळीक मिळावी म्हणून फांदी वाकवता येत नाही की धरून ठेवता येत नाही. फेकण्याच्या ओघात हात पानांना लागला, तर मात्र चालते.

हे माझ्या गळी उतरायला फार वेळ लागला. मी बाभळीची फांदी पाठीने मागे रेटून ऐटीत उभा राहत असे आणि त्यात काही गैर आहे असे मला वाटतच नसे. एका सकाळी दोन्ही सोबत्यांनी हरकत घेऊन एका थ्रोचा दंड लावला, म्हणजे माझ्या फेकींत एक जादा धरली. मी तावातावाने भांडलो. घरी येऊन नियम वाचला, तेव्हा त्यांचेच बरोबर निघाले. तेव्हापासून मी अशा जागी गुडघाच टेकतो, दुसरा पाय मागे लांबवतो आणि फांद्यांखालून, हात खाली ठेवून फोरहँड (तळहात पुढे ठेवून केलेली फेक) सोडतो. गुडघ्याखाली गोणपाटाची घडी घेता येते, फक्त दाबल्यावर तिची जाडी १ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. जोर कमी मिळतो हे खरे. पण अशा जागेवरून मोकळ्यावर येणे एवढेच काम असते, बास्केट गाठायच्या हट्टापायी डिस्क आणखी आत गेलेली मी कितीदा तरी पाहिली आहे.

झाडापासून तुटून पडलेली फांदी आपल्या जागेवर किंवा तिच्या मागे असेल तर उचलावी, पुढे असेल तर हात लावू नये. साचलेले पाणी, साप किंवा गांधीलमाश्या असतील, तर त्याच रेषेवर मागे, जवळात जवळच्या मोकळ्या जागी दंडाशिवाय जाता येते. नुसते काटे असतील आणि काहीच जमत नसेल, तर एका थ्रोचा दंड घेऊन रेषेवर हवे तेवढे मागे जावे.

आपली पाळी आल्यावर ३० सेकंदांत फेकावे. इतरांनी त्या वेळी मागे, स्तब्ध उभे राहावे आणि हरवलेली डिस्क ३ मिनिटे सर्वांनी मिळून शोधावी. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ मध्ये समाविष्ट झालेल्या कास पठारावर डिस्क नेऊच नये. शेतात शाळू उभा असेल, तर बांधावरूनच मालकाला हाक द्यावी आणि त्यांनी होकार दिल्यावर, सरीतून पाऊल टाकत डिस्क आणावी.