आयर्लंडहून आलेल्या पूर्वजांचं मूळ शोधताना: आधी टाउनलँड, मग नाव

पूर्वज आयर्लंडहून आले एवढंच ठाऊक असताना थेट तिथल्या दफ्तरांत शिरलं, तर शोध बहुधा पहिल्याच आठवड्यात अडतो. पॅट्रिक मर्फी, मेरी सुलिव्हन, जॉन केली ही नावं एकेका काउंटीत (जिल्ह्यात) ढिगानं सापडतात. त्यांतला तुमचा कोण, हे नावावरून कळत नाही, जागेवरून कळतं. आणि जागा म्हणजे नुसती काउंटी नव्हे. टाउनलँड हवं.

टाउनलँड हा तिथला जमिनीचा सर्वांत लहान नोंदलेला विभाग, साधारण शिवारासारखा. त्यात वस्ती असेलच असं नाही. संपूर्ण बेटावर साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. त्यांच्या वर सिव्हिल पॅरिश (सरकारी कामापुरता विभाग), मग बॅरनी (त्याहून मोठा जुना विभाग), मग काउंटी. याशिवाय पुअर लॉ युनियन, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी आखलेला भाग, ही वेगळीच विभागणी आहे. जन्ममृत्यूचे नोंदणी जिल्हे तिच्यावरून आखले गेले आणि ते काउंटीची हद्द पाळत नाहीत. बॅलिनास्लो युनियन गॉलवे आणि रॉसकॉमन अशा दोन्ही काउंट्यांत पसरलं होतं. कॅथलिक पॅरिश, म्हणजे चर्चचा विभाग, हीसुद्धा सिव्हिल पॅरिशशी जुळतेच असं नाही. म्हणून कोणतंही ठिकाण हाती आलं की आधी ते या सगळ्या विभागण्यांमध्ये कुठे बसतं हे लिहून काढा. लोगेनम या सरकारी स्थलनाम-संकेतस्थळावर ते फुकट कळतं. जुनी नावंही ध्यानात ठेवा: किंग्ज काउंटी म्हणजे आजची ऑफली, क्वीन्स काउंटी म्हणजे लीश आणि क्वीन्सटाउन म्हणजे कोव्ह बंदर.

समुद्राच्या अलीकडचे कागद आधी संपवा

टाउनलँडचं नाव बहुतेक वेळा आयर्लंडमध्ये नाही, तर पूर्वज जिथे येऊन स्थिरावले तिथल्याच एखाद्या कागदात दडलेलं असतं. मृत्यूनोंदीपासून मागे जायला लागा. अमेरिकेतल्या सरकारी नोंदींत जन्मस्थान म्हणून बहुधा फक्त ‘आयर्लंड’ एवढंच असतं. पण कॅथलिक चर्चच्या विवाहनोंदीत, थडग्याच्या दगडावर किंवा स्थानिक वृत्तपत्रातल्या मृत्युलेखात काउंटी आणि कधी पॅरिशसुद्धा मिळते. इथे होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे फक्त थेट पूर्वजाचेच कागद बघणं. त्याची भावंडं, मेहुणे, लग्नातले साक्षीदार, शेजारी राहणारे त्याच गावचे लोक, सगळ्यांचे कागद काढा. जे नाव पूर्वजाच्या नोंदीत नाही, ते त्याच्या अविवाहित बहिणीच्या मृत्युलेखात अनेकदा असतं.

१९००, १९१० आणि १९२० च्या अमेरिकी जनगणनेत देशात आल्याचं साल विचारलं होतं. १९०० च्या जनगणनेत तर जन्माचा महिना आणि वर्षही आहे. १८९० च्या जनगणनेचा जवळजवळ सगळा भाग १९२१ च्या आगीनंतर गेला, त्यामुळे तिच्यामागे वेळ घालवू नका. नागरिकत्वाच्या कागदांत २७ सप्टेंबर १९०६ ही तारीख महत्त्वाची आहे. त्याआधीचे अर्ज बहुधा त्रोटक असतात. त्यानंतरच्या ठरावीक नमुन्यात जन्मस्थान, जहाज आणि आगमनाची तारीख मिळते. १९२२ पूर्वी विवाहित स्त्रीला पतीबरोबरच नागरिकत्व मिळत असे, म्हणून तिचा स्वतंत्र अर्ज सहसा सापडत नाही.

न्यूयॉर्कला उतरलेल्यांसाठी १८५५ ते १८९० कॅसल गार्डन आणि १८९२ पासून एलिस आयलंड ही मुख्य ठिकाणं. जुन्या प्रवासी याद्यांत नाव, वय, धंदा आणि देश एवढंच असतं, आणि तेवढ्यावर माणूस नक्की करता येत नाही. १९०७ पासूनच्या याद्यांत मात्र मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता, शिवाय जन्मस्थान आहे. पूर्वज १८५० साली आले असले, तरी १९०७ नंतर त्यांच्याकडे येऊन राहिलेला एखादा पुतण्या किंवा भाची तुम्हाला नेमकं गाव देऊ शकते. एलिस आयलंडच्या अधिकाऱ्यांनी आडनाव बदललं, ही घराघरांत सांगितली जाणारी गोष्ट सोडून द्या. प्रवाशांच्या याद्या जहाज निघण्याच्या बंदरावर तयार होत. आणखी एक: पुष्कळ आयरिश लोक लिव्हरपूलहून निघाले, म्हणून जहाजाचं बंदर म्हणजे मूळ गावाचा पुरावा नव्हे.

दोन साधनं फार कमी वापरली जातात, याचं वाईट वाटतं. बॉस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या नातलगांच्या शोधासाठी जाहिराती येत. त्यांत बऱ्याचदा काउंटी, पॅरिश आणि टाउनलँडही दिलेलं असे. १८५० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेने खातेदाराची ओळख पटवण्यासाठी जन्मगाव, आईवडील, भावंडं, जहाज अशी माहिती लिहून ठेवली. ज्या गरीब मोलकरणीचा दुसरा कुठलाच कागद उरलेला नाही, तिचं पूर्ण कुटुंब तिथे एका परिच्छेदात सापडू शकतं. ऑस्ट्रेलियाकडे गेलेल्यांचं काम तुलनेनं सोपं असतं, कारण तिथल्या मृत्यूनोंदीत आईवडिलांची नावं आणि वसाहतीत काढलेली वर्षं लिहिण्याची पद्धत होती.

नावं आणि वयं सैल धरा

‘ओ’ आणि ‘मॅक’ हे आडनावाचे उपसर्ग गळत आणि पुन्हा जोडले जात; ओ’सुलिव्हन आणि सुलिव्हन हे दोन्ही शोधा. ब्रिजेटची डीलिया किंवा बिडी होते, ऑनोराची नोरा, जेरमायाचा डार्बी. कॉर्क आणि केरीत गोबनेट या नावाची स्त्री इंग्रजी कागदांत ॲबिगेल किंवा डेबोरा होते. कॅथलिक नोंदवह्या लॅटिनमध्ये असल्या तर जेम्स ‘जेकोबस’ आणि विल्यम ‘गुलिएल्मस’ दिसेल. आडनाव मात्र इंग्रजीच राहतं.

वयात चार-पाच वर्षांचा फरक हा नियमच समजा. आयर्लंडमध्ये १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना वृद्धापकाळ पेन्शन मिळू लागली, आणि १९०१ व १९११ या दोन जनगणनांमधल्या दहा वर्षांत कित्येक जण कागदावर पंधरा वर्षांनी म्हातारे झाले. जन्माच्या तारखेचंही तसंच. नोंद उशिरा केली तर दंड बसे, म्हणून पालक तारीख पुढे ढकलून सांगत. बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसला, तर बाप्तिस्म्याच्या तारखेवर विश्वास ठेवा.

पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं नाव देण्याची रीत होती. आजीआजोबांच्या नावाचा अंदाज बांधायला ती उपयोगी पडते. पुरावा म्हणून मात्र वापरू नका.

काय जळलं, काय उरलं

३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तरखाना उद्ध्वस्त झालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणना काही तुकडे वगळता त्यात गेल्या, आणि तिथे जमा केलेल्या चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या नोंदवह्याही. १८६१ ते १८९१ च्या चार जनगणना तर सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. म्हणून संपूर्ण स्वरूपात पहिल्यांदा मिळते ती १९०१ ची आणि नंतर १९११ ची. दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. १९११ च्या अर्जात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली आणि किती हयात आहेत हेही आहे. मागे राहिलेला भाऊ किंवा म्हातारी आई इथेच भेटते. त्याच संकेतस्थळावर पेन्शनसाठी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतून काढलेल्या शोध-अर्जांचे कागद आहेत. वयाचा पुरावा म्हणून केलेली ही नक्कल मूळ जळालं तरी उरली, आणि तिच्यात आईवडिलांची नावं असतात.

सरकारी नोंदणी १८६४ पासून सर्वांसाठी सुरू झाली; कॅथलिकेतर विवाह १८४५ पासून. आयरिशजीनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीचे विवाह आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू यांची मूळ पानं फुकट दिसतात. आजच्या उत्तर आयर्लंडची पानं तिथल्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर पैसे भरून पाहावी लागतात. जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं. विवाहनोंदीत दोन्ही वडील असतात, आया नाहीत. मृत्यूनोंदीत आईवडील नसतात. त्यामुळे आयरिश मृत्यूनोंदीवर फार आशा ठेवू नका, पण खबर देणाऱ्याचं नाव मात्र टिपून घ्या.

त्याआधीच्या काळासाठी कॅथलिक पॅरिशच्या वह्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये साधारण १८८० पर्यंतची पानं फुकट उपलब्ध करून दिली. अक्षर पुसट असतं, आणि पश्चिमेकडच्या कित्येक वह्या उशिरा सुरू होतात. तेव्हा तुमच्या पॅरिशची वही कोणत्या साली सुरू होते ते आधी बघा, म्हणजे नसलेली नोंद शोधत बसावं लागणार नाही. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये होई. बाप्तिस्म्याचे धर्ममातापिता प्रत्येक वेळी लिहून घ्या. ते बहुतेक नातलगच असतात.

जमिनीचे कागद

१८४७ ते १८६४ दरम्यान करआकारणीसाठी झालेलं जमिनीचं ग्रिफिथ मूल्यांकन म्हणजे जनगणनेची उणीव भरून काढणारं सर्वांत मोठं साधन. त्यात कुळाचं नाव, जमीनमालक, क्षेत्र आणि आकारणी टाउनलँडवार आहे, नकाशासह. पत्नी-मुलं नाहीत. एकाच टाउनलँडमध्ये दोन जॉन केली असले, तर कंसात वडिलांचं नाव किंवा केसांचा रंग दिलेला असतो. तो कंस कधीही गाळू नका.

यानंतरच्या दुरुस्ती-वह्यांत दर फेरीला वेगळ्या रंगाच्या शाईने नाव खोडून नवं लिहिलं जाई आणि बाजूला वर्ष टाकलं जाई. बाप गेला, मुलगा आला, की पुढे परकं आडनाव आलं, हे त्यातून वर्षासकट कळतं. प्रत मागवाल तर रंगीतच मागा. काळ्यापांढऱ्या प्रतीत कोणतं नाव कोणत्या वर्षाचं ते ओळखता येत नाही. उत्तरेकडच्या वह्या बेलफास्टच्या अभिलेखागाराने संकेतस्थळावर ठेवल्या आहेत.

डीएनए चाचणी या सगळ्याच्या जोडीला चालते, त्याऐवजी नाही. सर्वांत वयस्कर नातलगाची चाचणी करा आणि जुळणाऱ्यांमध्ये आडनावापेक्षा टाउनलँड जुळतंय का ते बघा. एकाच टाउनलँडशी तीन स्वतंत्र धागे पोचले, उदाहरणार्थ एक बाप्तिस्मा, एक ग्रिफिथ नोंद आणि एक डीएनए जुळणी, की माणूस पक्का धरायला हरकत नाही.

ग्रिफिथच्या मूल्यांकनाच्याही मागे १८२३ ते १८३७ ची टाइद यादी आहे, चर्चसाठी शेतजमिनीवर बसवलेल्या कराची. शहरं आणि भूमिहीन मजूर तिच्यात नाहीत. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात जवस लावणाऱ्यांची १७९६ ची यादी हाती लागली तर आणखी एक पिढी मिळते. कॅथलिक कुळाच्या घराण्याचा माग बहुतेक ठिकाणी इथपर्यंतच जातो.