ऑनलाइन लिलावात चित्र घेताय? या चुका टाळा

ऑनलाइन लिलावात पैसे बुडतात ते बहुतेक वेळा बोली चढल्यामुळे नव्हे, तर लॉटच्या (लिलावाला ठेवलेल्या एका वस्तूच्या) पानावरचा बारीक मजकूर न वाचल्यामुळे. फोटो आवडला, एस्टिमेट, म्हणजे लिलावगृहाची अंदाजे किंमत, खिशाला परवडतंय, की लोक थेट रजिस्ट्रेशनलाच हात घालतात.

छपाईला चित्र समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रवि वर्मा यांची लक्ष्मी-सरस्वती घ्या. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथून निघालेले ओलिओग्राफ म्हणजे शिळाछाप, एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेले. जुने असल्यानं त्यांना किंमत आहेच, पण ती तैलचित्राची नव्हे. त्यातच काहींवर कॅनव्हाससारखी खरखर उमटवलेली आणि वर वार्निश मारलेलं असतं. फोटोत ते बेमालूम तैलचित्र दिसतं. भरीला त्याच चित्रांच्या अलीकडच्या ऑफसेट (यंत्रावर छापलेल्या) प्रतीही जुन्या चौकटीत बसवून विकल्या जातात.

म्हणून ‘माध्यम’ ही ओळ आधी वाचा. मग चित्राच्या दोन इंच भागाचा जवळून काढलेला फोटो मागवा, किंवा प्रीव्ह्यूला (लिलावाआधी चित्रं प्रत्यक्ष पाहायला ठेवतात तेव्हा) दहापट भिंग घेऊन जा. ऑफसेटमध्ये निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके ओळीनं, फुलासारख्या रचनेत दिसतात. शिळाछापात ठिपके वेडेवाकडे, वाळूच्या कणांसारखे असतात. तैलरंगात ठिपके नसतातच. कॅनव्हासवरच्या इंकजेट छपाईवर पारदर्शक जेलचे फटकारे मारून फसवलं जातं. ते ओळखायला फटकारा आणि रंगाची कडा जुळते का ते बघा, खोट्यात फटकारा कडेला न जुमानता पुढे जातो.

सेरिग्राफ, म्हणजे जाळीच्या पडद्यातून रंग उतरवून केलेली मर्यादित प्रतींची छपाई, घ्यायला हरकत नाही. खाली पेन्सिलनं २३/१०० असा प्रतिक्रमांक आणि सही हवी, आणि बोली छपाईच्या हिशेबानं लावायची.

सहीवर विसंबणं

सही करणं सगळ्यात सोपं. २००९ मध्ये दिल्लीत चित्रकार एस. एच. रझा यांच्या नावानं लागलेल्या प्रदर्शनात खुद्द रझांनाच तिथली चित्रं बनावट असल्याचं आढळलं होतं. म्हणून पाहायचा तो चित्राचा माग: आधी कोणाकडे होतं, कुठे प्रदर्शित झालं, कुठल्या कॅटलॉगमध्ये छापलं गेलं. ‘खाजगी संग्रह, मुंबई’ एवढंच लिहिलं असेल तर तो पुरावा नव्हे. मागच्या बाजूचा फोटो जरूर मागा: गॅलरीचं लेबल, खिळ्यांचा गंज, कॅनव्हासचा रंग एकमेकांशी जुळायला हवेत. नावाआधी ‘अ‍ॅट्रिब्यूटेड टू’ असेल तर लिलावगृह स्वतः खात्री देत नाही, आणि ‘आफ्टर’ म्हणजे सरळ नक्कल.

कंडिशन रिपोर्ट न मागणं

कंडिशन रिपोर्ट म्हणजे चित्राच्या सध्याच्या अवस्थेची लेखी नोंद. माल ‘आहे त्या स्थितीत’ विकला जातो, अवस्थेबद्दल नंतरची तक्रार सहसा चालत नाही. कागदावरच्या जलरंगात तपकिरी बुरशीचे डाग आणि माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या) आम्लानं कडेला पडलेली पिवळी पट्टी विचारा. कोकणपट्टीतल्या दमट घरांतून आलेल्या चित्रांत हे हमखास असतं. तैलचित्राचा अतिनील दिव्याखालचा फोटो मिळाला तर नंतर रंगवलेले भाग बहुधा गडद दिसतात.

हातोड्याची किंमत म्हणजे शेवटची किंमत असं धरणं

समजा ४,००,००० वर हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली तिथे थांबली. बायर्स प्रीमियम (लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते शुल्क) २० टक्के धरला तर ८०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १४,४००. मूळ किमतीवर ५ टक्के जीएसटी लागू असेल तर आणखी २०,०००. झाले ५,१४,४००, आणि पॅकिंग, वाहतूक, विमा वेगळाच. म्हणजे हा वरचा खर्च धरून पाच लाखांत बसवायचं तर ३,८०,००० च्या पुढे जायचं नाही. प्रीमियमचे टप्पे लिलावगृहागणिक आणि लॉटशेजारच्या कराच्या खुणा लॉटागणिक वेगळ्या असू शकतात, त्यामुळे हा हिशेब दरवेळी नव्यानं मांडा.

ही कमाल रक्कम प्रॉक्सी बोली म्हणून आधीच टाकून ठेवावी, त्या मर्यादेपर्यंत संगणकच तुमच्या वतीनं बोली लावतो. शेवटच्या सेकंदाला बोली मारण्याची युक्ती इथे फारशी चालत नाही: अखेरच्या मिनिटांत बोली आली की बहुतेक ठिकाणी घड्याळ आपोआप पुढे सरकतं, आणि इरेला पेटलेला माणूस नेमका त्या वाढीव मिनिटांत घसरतो.

परदेशी नेण्याचं गृहीत धरणं

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा काही चित्रकारांची चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत. न्यू जर्सीतल्या लेकीच्या घरी लावायचं असेल तर लॉटवर ‘नॉन-एक्स्पोर्टेबल’ लिहिलंय का ते आधी बघा. शंभर वर्षांवरच्या इतर चित्रांबाबतही आधी चौकशी करा.

चित्र घरी आल्यावर खोका फोडताना सलग व्हिडिओ काढा, आणि खोका दबलेला दिसला तर पोचपावतीवर तसं लिहूनच सही करा. विम्याचा दावा करायची मुदत बहुधा मोजक्या दिवसांची असते, ती पैसे भरतानाच विचारून घ्यावी.